डोईवरचं ओझं, पोटातली जाळी

भारी ओझं उचलणं, आपल्याहून तगड्याशी झुंजणं आणि झाडावरून पडणं. आतडं जांघेत का उतरतं, याची कारणं सांगताना सुश्रुतानं ही नावं घेतली आहेत. त्यानं आमचा पोलादपूर तालुका पाहिला असण्याची शक्यता नाही, पण यादी आमच्याकडे बघूनच केल्यासारखी वाटते. ओझं तर आमच्या पाचवीलाच पुजलेलं. झाडावर चढायचं ते राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायला, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वाडीत कोणीतरी पडायचाच. तगड्याशी झुंज म्हणाल तर तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यात आहे.

मी महाडच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचं काम केलं. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. पेशंटची जांघ भादरण्यापासून हत्यारं उकळण्यापर्यंत आणि रात्री लाइट गेली की जनरेटरला दोरी मारण्यापर्यंत पडेल ते काम करणारा माणूस. थिएटरचं रजिस्टर माझ्या अक्षरात होतं. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदी गावात शिरली तेव्हा ती रजिस्टरं चिखलात गेली, त्यामुळे आकडे मागू नका. पण हर्नियाचे पेशंट कुठून यायचे, काय सांगायचे आणि किती वर्षं लपवून मग यायचे, ते सांगायला रजिस्टर लागत नाही.

आमच्या भागात याला अंतर्गळ म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना तेवढाही शब्द लागत नाही. "उतरलाय", एवढंच. काय उतरलंय ते समोरच्यानं ओळखायचं.

तो इतक्या जणांचा का उतरायचा, हे समजायला जुनं महाड डोळ्यांपुढे आणावं लागेल. आज महाड म्हटलं की एमआयडीसीचा धूर, रायगड आणि चवदार तळं एवढंच बाहेरच्यांना आठवतं. पण हे बंदर होतं. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं दासगावपर्यंत आणि तिथून लहान होड्या महाडपर्यंत येत. मीठ, सुकी मासळी घाटावर चढायची आणि घाटावरचा माल खाली उतरायचा. वरंधा, आंबेनळी या वाटांनी बैल चालत हे खरं. पण होडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून वखारीत, वखारीतून बैलाच्या पाठीवर जे चढायचं ते माणसाच्या डोक्यावरून. आणि जिथे बैलाची वाट संपायची तिथून पुढे, कांगोरीच्या किंवा चंद्रगडाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत, पुन्हा माणूसच. सडकेनं बंदर खाल्लं तेव्हा हमाल मुंबईला गेला, गोदीत आणि मार्केटात. डोकं तेच राहिलं, पोतं बदललं. १९६९ साली माथाडी कायदा आला. पण कायदा यायच्या आधी ज्यांनी वीस-वीस वर्षं ओझी वाहिली, ते आमच्या थिएटरात म्हातारपणी यायचे. गणपतीला गावी आलेले, जांघेत नारळाएवढी गाठ घेऊन.

रायगडावर १९९६ साली रोपवे सुरू झाला. त्याआधी म्हाताऱ्याकोताऱ्या पाहुण्यांना डोलीत घालून वर नेणारी माणसं पायथ्याच्या गावांत होती. त्यांतले काही मी टेबलावर पाहिलेत. आमचे डॉक्टर मात्र एक गोष्ट पुनःपुन्हा सांगत: ओझ्यानं हर्निया होतो हे अर्धंच खरं. पोटाची भिंत जन्मतःच कुठेतरी कच्ची असते, ओझं तिचं पितळ उघडं पाडतं. म्हणून तर दोन भाऊ एकच काम करतात आणि एकालाच होतो. सिगारेट-विडीचा जुनाट खोकला आणि लघवीला कुंथणं ही कारणंही ओझ्याइतकीच मोठी. तरी मी सांगतो, कारकुनापेक्षा हमाल जास्त आले. कारकुनालाही होत असेल, पण त्याचं काम अडत नाही.

ऑपरेशन नव्हतं तेव्हा काय करत होते? लंगोट घट्ट बांधत. शहरातून चामड्याचा, गादी लावलेला पट्टा आणत आणि तो घामानं कुजेपर्यंत वापरत. तान्ह्या पोराची बेंबी फुगली की त्यावर ढब्बू पैसा ठेवून फडकं बांधत. हा उपाय हमखास लागू पडायचा, कारण तान्ह्या पोरांची फुगलेली बेंबी बहुतेक वेळा चार-पाच वर्षांची होईपर्यंत आपोआपच आत जाते. पैशानं फुकटचं नाव मिळवलं.

आणि डाग देत. विळा तापवून पोटावर डाग द्यायची पद्धत मी लहानपणी पाहिली आहे आणि डागाचे वण घेऊन आलेले पेशंटही पाहिले आहेत. मी याला निव्वळ अडाणीपणा समजायचो. पुढे एका वैद्यांनी सुश्रुतातला भाग वाचून दाखवला तेव्हा थोडा विचारात पडलो. सुश्रुत म्हणतो की गाठ अंडकोशात उतरली असेल तर वैद्यानं हात लावू नये, पण ती जांघेतच असेल तर अर्धचंद्राच्या तोंडाच्या सळईनं तिथे डागावं. कशासाठी? वाट बुजावी म्हणून. जखम भरताना जो कडक वण तयार होतो त्यानं आतड्याचा रस्ता बंद व्हावा, ही कल्पना. गावच्या डाग देणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, तो पोटावर दिसेल तिथे विळा टेकवायचा. पण वणानं वाट बुजवायची हा विचार दोन हजार वर्षं जुना आहे, आणि आज हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये घालतात ती जाळी पोटात जाऊन नेमकं हेच करते. जाळीच्या भोकांतून शरीर आपला वण वाढवतं आणि भिंत तयार होते.

माझा एक चुलता यात गेला. त्याला बरीच वर्षं उतरत होतं. तो आडवा पडून हातानं वर ढकलायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. श्रावणातल्या एका रात्री ते वर गेलं नाही. उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. घोंगडीची डोली केली आणि चौघांनी त्याला सडकेपर्यंत आणायला घेतलं. ओढ्याला पाणी होतं, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. सडक लागली तेव्हा उजाडलं होतं आणि तो थंड झाला होता. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद झाला की काही तासांत ते काळं पडतं, हे मला थिएटरात आल्यावर कळलं. घरी मात्र आजतागायत सांगतात की त्याला बाहेरचं काही लागलं होतं.

मुंबईत केईएम १९२६ साली उघडलं. दक्षिणेकडे मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल त्याच्याही आधीचं. ज्याला जमायचं तो तिथे जायचा, आणि केईएम म्हणजे कोकणच्या माणसाला माहेरच. तिथे होणारं ऑपरेशन होतं ते इटलीतल्या पादुआच्या एदोआर्दो बासिनीचं, १८८७ साली त्यानं जगापुढे मांडलेलं. हर्नियाची पिशवी बांधून कापायची आणि जांघेतले स्नायूंचे थर ओढून खालच्या बंधाला टाक्यांनी शिवायचे. त्याआधी हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे देवावर हवाला होता, त्यामुळे बासिनीचं नाव झालं ते योग्यच. पण ओढून शिवलेल्याला ताण असतो. ताणलेलं मांस टाक्याशी फाटतं. मग तीन-चार वर्षांत पेशंट परत दारात.

मी कामाला लागलो तेव्हा हेच चाललं होतं. शिवाय डॉक्टर सांगायचे, तीन महिने ओझं उचलायचं नाही. आता तुम्हीच सांगा, पोलादपूरच्या शेतकऱ्यानं तीन महिने कुठून आणायचे? भातकापणी-झोडणी झाली की दिवाळीनंतर पेशंट सुरू व्हायचे आणि शिमग्यापर्यंत यायचे. त्यानंतर कोणी टेबलावर चढायला तयार नसायचा, कारण राब भाजायचा असायचा, पाठोपाठ पेरणी आणि आषाढात लावणी. दवाखान्याचं कॅलेंडर शेतीनं ठरवलेलं होतं. आणि जो शिमग्याला ऑपरेशन करून लावणीला चिखलात उतरला, तो पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. त्याला रागवायचं तरी कोणत्या तोंडानं?

ताण नको हे सर्जन लोकांना फार आधी कळलं होतं. व्हिएन्नाचा बिलरोथ एकोणिसाव्या शतकातच म्हणून गेला, असं सांगतात, की स्नायूच्या अस्तराइतकं चिवट काही कृत्रिम करता आलं तर हर्नियाचं कोडं सुटेल. मग सर्वांनी हाताला लागेल ते घालून पाहिलं. चांदीच्या तारेची जाळी झाली, ती मोडायची. टँटलम धातूची झाली, तीही तडकायची. नायलॉन आलं तेव्हा इंग्लंडात मोलोनी नावाच्या सर्जननं १९४८ साली नायलॉनच्या दोऱ्यानं जांघेत चक्क रफू करायला सुरुवात केली. आमच्याकडे हे रफू बरीच वर्षं चाललं, कारण त्याला दोऱ्याशिवाय काही विकत घ्यावं लागत नव्हतं.

खरी कलाटणी प्लास्टिकनं दिली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी १९५८ च्या सुमारास पॉलिइथिलीनची विणलेली जाळी माणसात वापरली आणि पुढच्या काही वर्षांत पॉलिप्रोपिलीनची. हे पॉलिप्रोपिलीन काही परकं नाही. युरिया आणि सिमेंटची पोती त्याचीच असतात. ज्या पोत्यानं हमालाचं पोट फोडलं, त्याच जातीचा धागा पोटात जाऊन ते सांधतो. हे मला कळलं त्या दिवशी मी दवाखान्याच्या मागे पडलेलं सिमेंटचं रिकामं पोतं उचलून त्याचा धागा नखानं सोडवून बघितला होता.

जाळीला राजमार्गावर आणलं ते लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी. १९८४ पासून त्यांनी प्रत्येक जांघेच्या हर्नियाला जाळीच घालायची ठरवली आणि १९८९ मध्ये हजार पेशंटांचा हिशोब छापला. काही ओढायचं नाही, भोकावर जाळी पसरायची आणि कडेनं टाके. आमच्यासारख्या गावाला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती: हे सगळं जागा बधिर करून होतं. भूल देणारा डॉक्टर आमच्याकडे बाहेरगावाहून यायचा. घाटात ट्रक आडवा झाला की ऑपरेशन रद्द. लोकलवर काम होऊ लागलं तेव्हा आमचं त्याच्यावाचून अडेना.

आता जवळून सांगतो. पंधरा सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद पांढरी जाळी. डॉक्टर तिचे कोपरे गोल कापायचे. एका टोकाकडून कात्रीनं उभी चीर द्यायची, मधोमध नाही, वरचा भाग दोन वाटे आणि खालचा एक वाटा राहील अशी. अंडाकडे जाणारी नळ्यांची दोरी त्या चिरेत बसते आणि जाळीच्या दोन शेपट्या तिच्यामागे एकमेकींवर येतात. पहिला टाका जांघेच्या मधल्या टोकाला, हाडाजवळ. तिथे जाळी हाडाच्या पुढे थोडी सरकवून ठेवायची, कारण परत उलटणारा हर्निया बहुधा त्याच कोपऱ्यातून डोकावतो. एक बारीक नस वाटेत असते, ती टाक्यात सापडली तर पेशंट वर्षानुवर्षं जांघेत आग होते म्हणून येत राहतो. आणि शेवटी डॉक्टर पडद्यापलीकडे बघून म्हणायचे, "बाबा, खोका." म्हातारा खोकायचा. जाळी पोटाबरोबर फुगायची आणि जागच्या जागी बसायची. एकदा एकाला एवढं बरं वाटलं की तो थांबेचना, खोकतच राहिला. डॉक्टर म्हणाले, आता पुरे, टाके मला घालायचेत.

घोडं अडलं किमतीपाशी. सुरुवातीला जाळी परदेशी कंपन्यांची यायची आणि एका जाळीची किंमत आमच्या दवाखान्याच्या फीपेक्षा जास्त व्हायची. बिल ऐकून बाई मंगळसूत्राला हात लावायची, किंवा नवराच शर्ट चढवून म्हणायचा, "जाऊ दे, चाललंय तसं चालू दे." डॉक्टरांनी एका जाळीचे दोन तुकडे करूनही पाहिले. तुकडा आखूड पडतो.

यावरचा तोडगा निघाला महाराष्ट्रातच, आणि मुंबई-पुण्यात नव्हे, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला. डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर तिथले सर्जन. ग्रामीण भागात काम करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेतले. त्यांनी आणि डॉ. ब्रह्मा रेड्डी वगैरे सहकाऱ्यांनी बाजारातल्या मच्छरदाणीचं कापड तपासलं. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनच्या मिश्रणाची ती जाळी महागड्या जाळीच्या जातीचीच निघाली. त्यांनी ती धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरली आणि अनेक दवाखान्यांतल्या शेकडो हर्नियांचा अनुभव २००३ साली सर्जरीच्या भारतीय नियतकालिकात छापला. किंमत? काही पैसे. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. आमचे डॉक्टर मात्र तो लेख टेबलाच्या काचेखाली ठेवायचे.

आमच्याकडे ते कापड आलं तेव्हा ते माझ्या ताब्यात होतं. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी चालत नाही, कोरी लागते, आणि पॉलिएस्टरचीही नाही. साबणानं धुवायची, पाण्यात खळखळून काढायची, साच्यावर ठेवून कापायची, दुहेरी कापडात गुंडाळायची आणि ऑटोक्लेव्हला लावायची. यातच गोम होती. १२१ अंशाला ती तशीच्या तशी बाहेर येते. १३४ अंशाची घाईची पाळी लावली तर आक्रसून वाकडी होते. घाई करायची सवय असलेल्या माणसाला हे काम देऊ नये.

पेशंटला आधी सांगितलं जायचं. कुडपणकडचा एक गडी ऐकून हसायलाच लागला. "पोटात मच्छरदानी? मंग आतल्या आत डास तरी चावायचं नाय." त्यानं सही मारली. पुढे त्याचा भाऊ आला, मग मेहुणा. आमच्याकडे जाहिरात अशीच होते.

त्या मच्छरदाणीनं नंतर समुद्र ओलांडला. आफ्रिकेत शिबिरं घेणाऱ्या इंग्रज सर्जनांनी ती उचलली. मग युगांडात स्वीडिश आणि तिथल्या डॉक्टरांनी रीतसर तुलना केली: ३०२ पुरुष, निम्म्यांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची. वर्षानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, दुसऱ्यात कोणाचाच नाही, आणि बाकी त्रास दोन्हींकडे सारखाच. २०१६ साली हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. एकीकडे सुमारे १ डॉलरची जाळी, दुसरीकडे सुमारे १२५ डॉलरची. आणि ते स्वस्त कापड होतं तमिळनाडूतल्या करूरचं. दोंडाईच्याला जे म्हणाले त्याला जगानं मान्यता द्यायला तेरा वर्षं लागली. तोवर भारतीय कंपन्यांच्या जाळ्या बाजारात येऊन किमती खाली आल्या होत्या आणि आम्ही मच्छरदाणी कापणं कधीच थांबवलं होतं.

जाळीच नको म्हणणारेही आहेत, आणि त्यांतला मोठा आवाजसुद्धा मराठीच. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी २००१ साली आपली पद्धत छापली: पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या अस्तराचीच एक पट्टी, मुळापासून न तोडता, भोकावर शिवायची. परकी वस्तू काही नाही, खर्च टाक्यांचा. पोलंडमध्ये दोनशेहून अधिक पुरुषांवर तिची जाळीशी तुलना झाली. २०१२ साली छापलेल्या त्या अहवालात तीन वर्षांनंतर हर्निया उलटण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. जाळी दुखते, जाळीवर परदेशात दावे लागले, हेही खरं. माझं मत विचाराल तर ज्याचं अस्तर धड आहे अशा तरण्या पोराला देसर्डांची पद्धत चांगली. साठीच्या हमालाचं अस्तर कागदागत पातळ झालेलं मी पाहिलंय, तिथे जाळीला पर्याय नाही.

बायकांबद्दल कमी लिहिलं, कारण त्या कमी आल्या. होत नाही म्हणून नव्हे. पूर्वीच्या ऑपरेशनच्या जागी, सिझेरियनच्या टाक्यांतून, बेंबीपाशी भिंत सुटते आणि आतडं बाहेर येतं. घरचे म्हणतात, पोट सुटलंय. पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत हंडे डोक्यावर घेऊन त्या डोंगर चढतात आणि दुखलं की पदर कसतात. जांघेपेक्षा हे ऑपरेशन मोठं असतं, जाळीही मोठी लागते. ज्या आल्या त्यांपैकी बहुतेकींना लेकीनं किंवा सुनेनं आणलं होतं, नवऱ्यानं नाही.

आता पोलादपुरातून महाडला यायला डोली लागत नाही, बऱ्याच वाड्यांना सडक पोचली आहे. तरीही माणसं लपवतात, म्हणून सांगतो. जांघेत, बेंबीला किंवा जुन्या टाक्यावर गाठ येत असेल आणि आडवं पडल्यावर आत जात असेल तर सुगी संपली की सर्जनला दाखवा. गाठ आत जात नसेल, दुखत असेल आणि उलट्या होत असतील तर सुगी, पाऊस, अमावास्या काही बघू नका, तेल चोळू नका, पाणीसुद्धा पिऊ नका. १०८ ला फोन लावा आणि त्याच रात्री निघा.